डी मायनर, अगदी सावकाश

आधी तो पंखा बंद कर, नुसता खडखडतोय. आणि तू रे, मोबाइल पालथा ठेव. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर गुपचूप झोपा. ही उडत आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्यानंच मला सांगितली, दवाखान्यातल्या खाटेवर पडून.

मी वाद्यवृंदात डबल बेस वाजवायचो, ते कपाटाएवढं, सगळ्यात खालच्या सुराचं तारांचं धूड. आमचे मास्तर महा तिरसट. पण बायको गेल्यावर त्यांनी नुसत्या तंतुवाद्यांसाठी एक तुकडा लिहिला होता, आणि तो... काय सांगू तुम्हाला. पट्टी डी मायनर, म्हणजे उदास. लय एवढी सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये चहाचा घोट घ्यावा. मधे एका जागी सगळ्यांनी तारांवरून गज उचलायचे आणि गप्प राहायचं. मग पुन्हा खालून मी सुरू करायचं. तिथं दर वेळी मी डोळे मिटून ठोके मोजायचो.

जेमतेम दोन-तीन तालमी झाल्या आणि मास्तरांनी अंथरूण धरलं. झेरॉक्स कुणालाच काढू दिली नव्हती, सगळे कागद त्यांच्या कपाटात. जाताना लेकीला म्हणाले, "बाकी काही करू नका माझं. हे एकदा वाजवा. जसं आहे तसं." लेक म्हणजे आपली ताई. पहिलं व्हायोलिन तिचं.

आणि जावई! मास्तरांच्या मागे वाद्यवृंद चालवायची छडी त्याच्या हातात आली. शिकलेला, गोड बोलणारा, आतून पक्का बेरकी. त्यानं तोच तुकडा घेतला, लय दुप्पट केली, उदास पट्टी काढून हसरी मेजर केली, वर स्वतःचं नाव टाकलं. ताई म्हणाली, "अहो, हे आईसाठी लिहिलंय बाबांनी." तर हा म्हणतो, "लोक तिकीट काढून रडायला येतात का?" असा राग आला होता ना मला! पण मूळ कागद कपाटात होते तोवर त्याची चोरी उघडी पडणार होती. हे त्यालाही कळत होतं.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. कार्यक्रम शनिवारी. रात्रीच्या जेवणाआधी तो ताईला म्हणाला, "बाबांच्या घराचे नळ बघून येतो, गळतायत म्हणे." किल्ली घेतली आणि गेला. घर दोन गल्ल्या सोडून, मास्तर गेल्यापासून बंद.

कपाट उघडलं. कागद तिथंच, प्रत्येक वाद्याचा वेगळा गठ्ठा, वर मास्तरांची मूळ प्रत. सगळं उचलून स्वयंपाकघरात आला. बेसिनमध्ये ठेवलं, काडी ओढली. आधी मूळ प्रत पेटवली. मग डबल बेसचे कागद. माझे.

ते जळून संपले, आणि बाहेरच्या खोलीत खालचा सूर लागला.

त्याला वाटलं, रस्त्यावर ट्रक उभा असेल. खिडकीतून डोकावला. रस्ता रिकामा. सूर चालूच. सावकाश.

शहाणा असता तर तिथंच थांबला असता. यानं चेलोचे कागद पेटवले.

चेलो आला.

"कोण आहे?" म्हणून ओरडला. बाहेरच्या खोलीत दिवा लावून आला. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. माणूस नाही. वाद्य नाही. आणि खोली भरून आवाज. हळू. त्याच लयीत.

परत आला. व्हायोला जाळला. व्हायोला वाजू लागला. दुसरं व्हायोलिन जाळलं... तेही आलं.

उरलं पहिलं व्हायोलिन. ताईचं. कागदावर पेन्सिलीनं मास्तरांनी लिहिलेलं, "बाळ, घाई नको."

मी विचारलं त्याला, अरे, हे तरी ठेवायचं होतंस? त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मेल्यानं तेही जाळलं!

मग सगळं मिळून वाजलं. पूर्ण.

आवाज भिंतीतून येत होता, जमिनीतून येत होता... मग ती गज उचलायची जागा आली.

शांत.

इतकं शांत, की त्याला वाटलं, सुटलो.

आणि खालचा सूर पुन्हा सुरू झाला. या वेळी खोलीत नाही.

छातीत.

ताईनं रात्री शोधत जाऊन त्याला तिथून उचललं. शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला. डॉक्टर म्हणतात, हृदयाचे ठोके फार हळू पडतात, शिवाय मधे मधे चुकतात. छातीत पेसमेकरचं मशीन बसवलं की सरळ पडतील. एवढंसं ऑपरेशन, घरच्यांची सही हवी.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याचं मनगट धरून पाहिलं. हसू नका. आयुष्यभर ठोके मोजून पोट भरलंय मी. चुकत नाहीत ते. बरोबर त्या जागी थांबतात. थांबतात... आणि मग माझी जागा येते.

आम्हा वाजवणाऱ्यांना आपापले चार सूर आठवतात, बाकी सगळं राख झालं. मास्तरांचं जे काही उरलंय ते आता त्या नालायकाच्या नाडीत.

तो ताईच्या विनवण्या करतो, "अगं, सही कर ना." ताई म्हणते, "बघू उद्या." रोज संध्याकाळी जाते, खुर्ची खाटेला लावते, त्याचा हात हातात घेते. नर्सेस म्हणतात, काय जीव आहे हो बाईंचा नवऱ्यावर! त्यानं तोंड उघडलं की ताई डोळे न उघडता म्हणते,

"बोलू नका. ऐकू द्या."