बर्फ लागलेल्या पेशी

नेपियर टाउनच्या वळणावर ऑटो बंद पडला आणि शरयूचा जीव टांगणीला लागला. मांडीवरच्या डब्यात कॅन्सरच्या पेशी होत्या, तिच्या संशोधनाच्या. प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर बिघडला होता, म्हणून त्या दुसऱ्या कॉलेजात पोचवायच्या होत्या.

ऑटोत शेजारी बसलेला तरुण फोनवर "आई, येऊन राहिलो" म्हणाला, तेव्हा आपली मराठी ऐकून तिला धीर आला.

"हे जरा धरता? मी दुसरा ऑटो बघते. जपून हं... जिवंत पेशी आहेत."

तो तरुण, शालिग्राम, दवाखान्यांना लशी पोचवायचा. औषधपाण्याची वस्तू थंडच राहिली पाहिजे, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं मोठ्या मायेनं आपल्या पेटीतली बर्फाची पिशवी तिच्या डब्यात सारली, आणि दुसऱ्या ऑटोत डबा सांभाळत तिच्यासोबत कॉलेजपर्यंत आला.

झाकण उघडताच शरयू किंचाळलीच.

"हे काय केलंत! सदतीस अंशांवर ठेवायच्या असतात या!"

"गलती हो गई, मॅडम... मेल्या का?"

"मेल्या नाहीत, पण गारठल्या. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम. ती जोडायला एक एन्झाइम लागतं. कॅन्सरला वाढायची घाई, त्याला यंत्रं ढिगानं लागतात. म्हणून मी ते एन्झाइमच अडवून पाहून राहिले. आता वाढ थांबली तर ती कशानं समजायची? एन्झाइम अडवल्यानं, की तुमच्या बर्फानं?"

त्याचा चेहरा पडला.

"बाबा गाड्यांच्या फॅक्टरीत फिटर होते," तो हळूच म्हणाला. "भाग जोडायला फिटरच नसला की गाडी बाहेर पडत नसे. तसंच ना?"

इतक्या रागातही तिला हसू आलं. एवढं सोपं तर तिलाही कधी सांगता आलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत निकाल आला नाही तर विषय सोडा, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. शरयूनं कंबर कसली. पुन्हा नव्या पेशी, पुन्हा रविवारीसुद्धा त्यांना खाऊ घालायला जाणं. आणि दर रविवारी मदन महल भागात तिच्या दारात शालिग्रामची स्कूटर!

"काहून येता सारखे?"

"चूक केली ना मी..."

"ती एकदाच. हा पाचवा रविवार आहे."

"अच्छा — मोजून राहिल्या तुम्ही?"

तिनं घाईघाईनं हेल्मेट चढवलं. गाल तापले होते.

दिवाळीच्या चार दिवस आधी पेशींची मोजणी झाली. एन्झाइम अडवलेल्या पेशी इतर पेशींच्या निम्म्यापेक्षाही कमी वाढल्या होत्या. शरयू धावतच जिना उतरली.

"झालं?" खाली थांबलेल्या शालिग्रामनं विचारलं.

"एकदा झालं! सर विषय चालू ठेवा म्हणाले. पण आणखी दोनदा हेच यायला हवं, तेव्हा ते खरं."

ती स्कूटरपाशी आली.

"शालिग्राम, तू मला आवडतोस. घरी लग्नाचं बोलून राहिले आहेत, आणि मला दुसरा कोणी नको. पण हे काम पुरं झाल्याशिवाय मी मांडवात उभी राहणार नाही. थांबशील?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"रविवारी किती वाजता येऊ?"