श्वासाएवढी जागा

शिवलिंग माळगे सलूनमध्ये दाढीला बसले होते. स्पीकरवर रेवा घोरपडेचं नवं गाणं लागलं. दुसऱ्याच ओळीत गाणं मध्येच थांबलं. वाद्यं नाहीत, आवाज नाही. मग पुन्हा सुरू झालं.

माळगे ताडकन ताठ झाले.

"काका, हलू नका की! वस्तरा हाय," मारुती ओरडला.

गाणं संपल्यावर नेहमीची सूचना झाली, "शब्द, चाल, आवाज : रेवा घोरपडे. उगम-तपासणी बाकी." गाणं कोणाचं हे प्रत्येक गाण्यानंतर सांगायचं, असा कायदा होऊन चार वर्षं झाली होती.

"दहा जण राबतात आणि नाव एकीचंच," मारुती वस्तरा पुसत म्हणाला. "पण ती मधली जागा काय भारी आहे! हजारो लोक तिथं श्वास रोखून बसतात म्हणे."

"ती जागा तिची नव्हे," माळगे म्हणाले. "आमच्या हिची आहे."

मारुतीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. महानंदा सिस्टरना जाऊन चौदा महिने झाले होते. त्याने वस्तरा पुन्हा गालावर टेकवला.

इचलकरंजीच्या दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात त्या कक्षात महानंदाने एकतीस वर्षं नोकरी केली. त्या बाळांना दूध ओढता येत नाही. बारीक नळीला सिरिंज लावून ती उभी धरायची आणि दूध आपोआप उतरू द्यायचं. घाई केली तर बाळ गुदमरतं. ती हात स्थिर धरून एक चाल गुणगुणायची. घरी बाटलीत तेल ओततानाही तीच चाल, आणि दुसऱ्या ओळीत तसंच थांबणं. एकदा माळगेंनी विचारलं होतं, "मध्येच गप्प का होतेस?"

"बाळाची छाती वर आली का बघते," ती म्हणाली होती. "सवय लागलीय. इथं बाटलीकडेच बघते!"

ते गुणगुणणं कोणी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. कामातली बाई गुणगुणते, ते कोण रेकॉर्ड करणार? माळगेंनी उगम-तपासणी केंद्राकडे हरकतीचा अर्ज केला. रेवाचं नाव काढावं, महानंदाचं लावावं, एवढंच लिहिलं. तिचं नाव रेशनकार्डावरूनही काढून झालं होतं. कुठेतरी ते लावलं जावं, असं त्यांना वाटत होतं.

केंद्र कोल्हापुरात होतं. तपासणीच्या दिवशी रेवा वेळेवर आली. सव्वीस वर्षांची, साधी पँट-शर्ट घातलेली. तिने माळगेंना नमस्कार केला.

"मी चोरी केलेली नाही काका. ही चाल मला दात घासताना सुचली."

"सुचायला ती आकाशातून पडत नाही," माळगे म्हणाले.

"तेच तर बघायचंय," केंद्राच्या डॉ. फरीदा मुजावर म्हणाल्या. त्यांनी रेवाच्या डोक्यावर उगमदर्शक यंत्राचा जाड टोप बसवला. "ऐकलेल्या चालीचा मेंदूत ठसा राहतो. चाल वाजवली की तो जागा होतो आणि त्याच्यासोबत साठलेलं बाकीचंही जागं होतं. ठसा किती जुना ते यंत्र मोजतं. जमलं तर मूळ आवाजही पुन्हा जुळवतं."

चाल वाजली. पडद्यावर आकडे फिरले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ठसा सव्वीस वर्षं तीन महिन्यांचा आहे. रेवा, तुझं नेमकं वय?"

"सव्वीस वर्षं चार महिने."

रेवाने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. मग ती सावकाश म्हणाली, "मी सातव्या महिन्यात झाले. दोन महिने काचेच्या पेटीत होते. इचलकरंजीत. आईचं माहेर तिथलं."

माळगेंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आवाज जुळतोय," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकायचा का?"

आधी खरखर आली, मग यंत्राची टिकटिक, आणि मग महानंदा. आवाज पाण्याखालून यावा तसा होता, पण तिचाच होता. पहिली ओळ. दुसरी अर्धी. थांबली.

थांबलीच. गाण्यात असते त्याहून कितीतरी जास्त वेळ. टिकटिक मंदावली. मग टिचक्या मारल्याचा आवाज, पावलावर मारतात तशा, आणि महानंदाचे शब्द, "घे बाई, घे श्वास. घे की गं!"

कुठेतरी एक बारीकसं रडणं फुटलं. टिकटिक सावरली. महानंदाने सोडली होती तिथूनच चाल पुन्हा धरली. पण ओळ पुरी व्हायच्या आतच सगळं विरून गेलं.

"इथं तू झोपलीस," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

रेवाचे डोळे वाहत होते. "लोक विचारतात ती जागा कशी सुचली. मी काहीबाही सांगते. माझं नाव काढा, डॉक्टर. चाल त्यांची आहे."

माळगे हेच मागायला आले होते. पण ते बराच वेळ त्या मुलीच्या छातीकडे, वरखाली होणाऱ्या श्वासाकडे बघत राहिले.

"दोघींची नावं लावा," ते म्हणाले. "तू श्वास घेतलास म्हणून ती पुढं गुणगुणली. नाहीतर चाल तिथंच संपली असती."

"पुढं काय होतं काका? उरलेली ओळ? गाण्यात ती मी माझ्याच मनानं जुळवलीय."

"मला सूर कुठला धरता येतोय! रोज ऐकली, पण आठवत नाही." त्यांच्या छातीत पेसमेकर होता, त्यामुळे त्यांना उगमदर्शकाचा टोप घालायची बंदी होती. उरलेली ओळ महानंदाबरोबर गेली होती.

दुपारच्या एसटीने ते इचलकरंजीला परत निघाले. हातकणंगले गेलं. पुढच्या सीटवर एक बाई तान्ह्या मुलाला थोपटत होती. ती गुणगुणू लागली. रेवाचंच गाणं. आता ते सगळेच म्हणत होते. माळगेंनी खिडकीला डोकं टेकवलं.

दुसऱ्या ओळीत ती थांबली. थांबून तिने मुलाकडे पाहिलं. मग पुढे म्हणू लागली, आणि रेवाचं गाणं जिथे वळतं तिथे ती वळली नाही. ओळ खाली उतरली, दोनदा हेलकावली आणि अलगद टेकली.

माळगे खिडकीपासून सरळ झाले. आठवत नव्हती ती ओळ, पण ऐकताच ओळखू आली.

"पोरी, गाणं असं नाहीये," ते कसेबसे म्हणाले.

ती हसली. "ठाऊक आहे आजोबा. पण मी हे गाणं यायच्या आधीपासून असंच म्हणते. कुठून आलं देव जाणे."

एकतीस वर्षं. दिवसाला आठ-दहा पेट्या. किती बाळं घरी गेली असतील? माळगेंना हिशेब लागेना. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला आणि पुढे वाकून विचारलं,

"बाळा, तुझा जन्म कुठल्या दवाखान्यातला?"