मान डोलावणारा बाहुला

त्या संध्याकाळी मी इतकी दमले होते, की बाहुला कोण आणि माणूस कोण, हेसुद्धा मला कळलं नाही!

दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन. गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघाले होते, तरी अख्ख्या तंजावूरला आमच्याच मार्फत एकदम मद्रासशी बोलायचं असायचं. घरी आले तर माझी अकरा वर्षांची नित्या चपला घालून दारातच उभी. "अम्मा, उद्या नवरात्र! यंदा तरी कोलू मांडू!"

तिचे अप्पा गेल्यापासून आमच्या कोलूच्या पायऱ्यांवर नवरात्रातल्या बाहुल्या बसल्या नव्हत्या. 'नाही' म्हणायलाही अंगात त्राण नव्हतं, म्हणून गेले.

राजवाड्यामागच्या दुकानात स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. मान डोलावणारी एक बाहुली उचलून मी विचारलं, "भाव कमी कराल नं?"

त्यांनी मान डोलावली.

"वर ही धाकटी फुकट?"

पुन्हा डोलावली! इतका भला दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. मी तिसरीला हात घातला, तेवढ्यात आतून खरा दुकानदार ओरडत आला आणि हे गृहस्थ दचकून जागे झाले. तेही गिऱ्हाईकच होते... बसल्या बसल्या पेंगत होते.

"क्षमा करावी," ते आमच्याच तंजावरी मराठीत म्हणाले. "मी गुरुमूर्ती. दिवसभर लोकांच्या गच्चीवर टीव्हीच्या छत्र्या लावतो. बसलो की डोळा लागतो."

"मज वाटलं, तुम्हालाही विकायलाच ठेवलंय."

त्यांची लेक भामा खुदकन हसली. ती नित्याच्याच वर्गातली निघाली. तिला आई नव्हती, घरी कोलूही नव्हता. दोघी कानात काहीतरी कुजबुजल्या आणि ठरवून टाकलं – दोन दमलेल्या घरांत मिळून कोलू एकच, आमच्याकडे!

मुलींनी पायऱ्या रचल्या, बाहुल्या मांडल्या, प्रसादाच्या सुंडल-उसळीसाठी हरभरेसुद्धा त्यांनीच भिजवले. आम्हाला एकच काम दिलं. प्रत्येक कोलूत लाकडी राजा-राणीची जोडी लागते, ती आमच्याकडे नव्हती. मग पायऱ्यांच्या बाजूला भिंतीला टेकून आम्ही दोघं राजा-राणी. नियम एवढाच, की हलायचं नाही आणि बोलायचं नाही.

असा खेळ देवानं रोज द्यावा! मुली गोष्टी रचत, पाहुण्यांना सुंडल वाटत, आणि आम्ही नुसते बसून. समईचा उजेड, ओल्या खोबऱ्याचा वास, आणि हातभर अंतरावर त्यांचा संथ श्वास...

"राणी चोरून बघते," ते ओठ न हलवता पुटपुटले.

"राजाला कसं कळलं मग?"

"बाहुल्या बोलत नाहीत!" नित्या दरडावायची. मला हसू आवरत नसे. कितीतरी दिवसांनी मी कामावरून घाईनं घरी येऊ लागले होते.

सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी भामानं गोष्टीत सांगितलं, "मग हा राजा दसऱ्यानंतर मद्रासला गेला, पेरियप्पाच्या, थोरल्या काकांच्या दुकानात..."

माझी मान गर्रकन वळली.

"अम्मा हलली! बाद!"

मी बादच झाले. जडलेला जीव असा सोडवता येतो का?

दशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवायची, की कोलू संपला. कुठली निजवायची? नित्या हटून बसली, हीही नोको, तीही नोको. तेवढ्यात भिंतीला टेकलेले गुरुमूर्ती हळूच कलंडले आणि घोरू लागले.

"अप्पा निजले," भामा हिरमुसून म्हणाली. "संपला कोलू."

नित्याचे डोळे भरले. माझेही. मी त्यांचा खांदा हलवला. "खरंच मद्रासला जायचं ठरवलंत?"

त्यांनी मान डोलावली.

मी खांद्यावरचा हात काढून घेतला... आणि एकदम ते दुकान आठवलं. हा माणूस झोपेत कशालाही मान डोलावतो!

"असं नोको. डोळे उघडा. तोंडानं सांगा – जायचंय?"

ते नीट उठून बसले. "भाऊ बोलावतो आहे. इथं राहा, असं मज कुणी म्हणालं नाही."

"मी म्हणते. राहा."

या वेळी त्यांनी नुसती मान डोलावली नाही.

"वसुमतीबाई, मी दमलेला माणूस. सिनेमा, फिरणं, काही जमायचं नाही. संध्याकाळी नुसता शेजारी बसेन."

"मज तेवढंच पाहिजे."

"मग राहतो," ते म्हणाले. तोंडानं, टक्क जागे राहून.

"अप्पा तर उठले!" नित्यानं डोळे पुसले. "आता दुसरी बाहुली निजवायला हवी." तिनं दुकानातली ती मान डोलावणारी बाहुली उचलली आणि अलगद आडवी केली.

आडवी झाल्यावरही ती कितीतरी वेळ 'होय, होय' करत राहिली.