टाकीच्या झाकणाचं गुपित

"उद्याच्या बाजारापर्यंत गाडी चालली तर ठेवीन. न्हाईतर बिभीषण भंगारात घेऊन जाईल," कानिफनाथमामा म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

ज्ञानेश्वरी सुट्टीत काष्टीला आल्यापासून मामांनी केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण होतं. एरवी ते म्हशींशी बोलत. मामी गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं कोण? ज्या मोटारसायकलवरून मामा-मामी पार कन्याकुमारी बघून आले, ती ज्ञानेश्वरी आली तेव्हा ताडपत्रीखाली उभी होती. वर खुंटीला मामींचं लाल हेल्मेट. ज्ञानेश्वरीनं त्याला एकदा हात लावला, तेव्हा मामांनी नुसतं पाहिलं. तिनं हात मागं घेतला.

मग तिनं शेजारच्या इन्शा आणि फैयाज या भावंडांना गोळा करून ताडपत्रीच काढली. फैयाज भलताच पाना लावतोय हे मामांना लांबून बघवेना. ते येऊन बसले. नासलेलं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर धुतला, नवी बॅटरी आली. "बारा नंबरचा दे," मामा म्हणत. ज्ञानेश्वरीला तेवढ्या गप्पाही पुरत.

गाडी सुरू झाली, ग्रामपंचायतीपर्यंत गेली आणि बंद पडली. रोज तेच. मेकॅनिक बिभीषणनं मोबाईलवर सासऱ्याशी बोलता बोलता एक किक मारली आणि निकाल दिला, "इंजिन बसलंय." पाने पेटीत गेले. मामा उद्याच्या बाजाराची ती मुदत देऊन म्हशींकडे गेले.

"ग्रामपंचायतीपाशीच का थांबते?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"आमच्या नळाची लाइनबी तिथंच थांबलीय," फैयाज म्हणाला. "गाडीला काय नावं ठेवायची?"

ज्ञानेश्वरीनं विनवण्या केल्या, तेव्हा मामा शेवटची फेरी मारायला तयार झाले. गाडी ठरल्या जागी थांबली. पेट्रोल आहे की नाही, म्हणून फैयाजनं टाकीचं झाकण उघडलं. 'सुस्स' असा आवाज झाला. मामांनी किक मारली, तर गाडी लगेच सुरू!

झाकण लावलं. थोड्या वेळानं पुन्हा बंद.

"जाऊ दे, पोरी," म्हणत मामांनी ती ढकलत घरी आणली. ज्ञानेश्वरी त्यांच्या मागून चालत राहिली. गाडी गेली की 'बारा नंबरचा दे' हेही जाणार.

ती इन्शाच्या घरी जाऊन बसली. इन्शाची आई, बानूचाची, तेलाचा नवा डबा फोडत होती. एक भोक पाडलं. तेल गुटगुट करत अडखळलं. दुसरं भोक पाडल्यावर सरळ धार लागली.

"चाची, दुसरं कशाला?"

"आत हवा नको जायला? तेल बाहेर यायचं तर त्याची जागा कुणी घ्यायची?"

ज्ञानेश्वरी चप्पल न घालताच गाडीकडे पळाली. मागून दोघं.

झाकणावर हळद-कुंकवाचा जाड थर चढला होता. नखानं खरवडल्यावर खाली हवा आत जायचं एक बारीक भोक दिसलं, गच्च बुजलेलं. इन्शानं ओढणीची पिन काढून दिली. पिनेच्या टोकाला लालभडक गोळी आली.

मामा कधी मागं येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"दर दसऱ्याला लावतो," ते म्हणाले. "तिची रीत हुती, पयलं कुंकू झाकणाला." झाकणावरून अंगठा फिरवत म्हणाले, "ती दुसऱ्या दिवशी पुसायचीबी. ते माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

फैयाजनं बाहीनं झाकण पुसून लखलखीत केलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गर्दीतून गाडी ग्रामपंचायत ओलांडून गेली. बिभीषण म्हणाला, "मी हेच सांगणार हुतो." मामा तिघांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझ्या आधी ह्या पोरांनीच सांगितलं." त्या वाक्याचा मान म्हणून फैयाजनं दिवसभर कॉलर ताठ ठेवली.

घरी येऊन मामांनी खुंटीवरचं लाल हेल्मेट काढलं, सदऱ्यानं पुसलं आणि ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर ठेवलं. मोठं होत होतं. तिनं आत रुमाल कोंबला.

तिला मागं बसवून मामा निघाले. भीमा नदीच्या पुलावर गाडी थांबली. "मामा, परत बंद पडली?"

"न्हाई. मी बंद केली." मामांनी खाली पाण्याकडे पाहिलं. "तुझी मामी हितं थांबल्याबिगर पुढं जाऊ द्यायची न्हाई. उतर, सांगतो."