पेलिकन्सचा शेवटचा शुक्रवार

"इकडे नाही, समोर बघा. तक्त्यावर."

"बघतोय की."

"तुम्ही माझ्याकडे बघताय. माझ्या कपाळावर अक्षरं नाहीयेत."

खुर्चीतला तरुण ओशाळला आणि एकदाचा तक्त्याकडे वळला. अंगात एसी दुरुस्तीच्या कंपनीचा निळा शर्ट, कानामागे पेन्सिल, हातावर फिल्टरची धूळ. कुवेतच्या हवल्ली भागातल्या त्या चष्म्याच्या दुकानात दुपारी बाराला चिटपाखरू नसायचं, म्हणून ज्ञानदाही जरा सैल बोलत होती. एरवी डोळे तपासताना ती इतकी गंभीर असे की गिऱ्हाइकांना आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असंच वाटे.

तिसरी ओळ त्याने घडाघड वाचली. चौथी मात्र चुकला. ज्ञानदाने पुन्हा वाचायला सांगितली, पुन्हा चुकला. ती काच बदलणार इतक्यात त्याच्या खिशातला मोबाइल एकाएकी कडाडला. ट्रम्पेट, ढोल आणि हजारो माणसांचा एका सुरातला गजर!

ज्ञानदाच्या हातातली काच हातातच राहिली. ही धून तिला झोपेतसुद्धा ओळखू आली असती.

"हे... पेलिकन्सच्या सात नंबरचं गाणं ना?"

आता तो खरोखरच तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं माहीत, मॅडम?"

"माझे बाबा. मला वाटायचं, अख्ख्या कुवेतमध्ये हा रोग त्यांना एकट्यालाच आहे."

"दोघांना आहे. आणि औषध नाही. गेल्या वर्षी ऐंशी मॅच हरलो आम्ही."

"ब्याऐंशी," ज्ञानदा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तो मोकळा हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते हे तिने पाहिलं, आणि आपण हे पाहिलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. नाव विचारताना तिने उगाच कोरडा आवाज काढला. त्याचं नाव जयदीप.

कुवेतमध्ये बसून जपानच्या एका रडतराऊ बेसबॉल टीमसाठी जीव टाकणारी दोन मराठी माणसं, हा तसा योगायोग नव्हताच. बारा वर्षांपूर्वी एका जपानी कंपनीने इथे वीजकेंद्र बांधलं. ज्ञानदाचे बाबा, उल्हासराव, त्या कंपनीच्या ऑफिसात हिशेबनीस होते. कुडाळजवळच्या खेड्यातून नुकताच आलेला जयदीप त्याच कंपनीच्या साइटवर हेल्पर होता. तिथला म्हातारा जपानी सुपरवायझर मिनातो पेलिकन्सचा भक्त. जपानात संध्याकाळी सहाला मॅच सुरू झाली की इथे दुपारचे बारा वाजलेले असत. ऑफिसात टीव्ही लागे, साइटवर रेडिओ. कंपनी गेली, म्हातारा गेला, रोग मात्र दोघांच्या अंगात मुरला. ऑफिस आणि साइट यांच्यामध्ये जाळीचं एक कुंपण होतं, म्हणून दोघांची ओळख तेवढी झाली नव्हती.

उल्हासरावांना हे कळलं तेव्हा ते लहान पोरासारखे उठून उभेच राहिले. "अगं, मग बोलाव की त्याला जेवायला! शुक्रवारी मॅच आहे."

असा तो एगैलातल्या त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात आला. पहिल्या शुक्रवारी सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला. दुसऱ्या शुक्रवारी सुलैबियातल्या आपल्या खोलीवरून कुळथाची पिठी घेऊन आला. त्या खोलीत चौघं कोकणी गडी राहत आणि स्वयंपाकाच्या पाळ्या लावत. ज्ञानदाची आई, अंजूताई, पक्की पुण्याची. तिने चमचाभर पिठी संशयाने चाखली आणि मग वाडगाच जवळ ओढला. तिसऱ्या शुक्रवारी त्याची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती.

"काकू, ही वाजते?"

"लग्नाआधी वाजायची," अंजूताई म्हणाली. "माझ्यासारखीच."

जयदीपने कपडे बाजूला ठेवले, भाता उघडला, धूळ झटकली. गावच्या भजनी मंडळात तो पेटीवर असे. टीव्हीवर सात नंबर बॅट घेऊन आला आणि स्टेडियममध्ये ट्रम्पेट सुरू झाले, तशी याने तीच धून पेटीवर धरली. पण भजनाच्या ठेक्यात! उल्हासरावांनी मांडीवर ताल धरला. अंजूताई हसता हसता डोळे पुसू लागली. कित्येक वर्षांत त्या घरात इतका आवाज झाला नव्हता.

"प्रत्येक बॅटरची आपली धून असते," जयदीपने ज्ञानदाला समजावलं. "तो आला की सुरू करायची, आणि आउट होईपर्यंत थांबायचं नाही. हरत असलो तरी."

"आणि तुमचे पेलिकन्स कायमच हरत असतात."

"म्हणून तर जोरात वाजवायची."

पुढच्या शुक्रवारी ती स्वयंपाकघरातून कोशिंबीर घेऊन बाहेर आली, तर पेटीवर एक नवीनच धून सुरू झाली. चारच ओळींची. चढत जायची, वर जाऊन जराशी घुटमळायची, मग खाली यायची.

"हा कुठला बॅटर?"

"नवीन आलाय," तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला. "चांगला खेळतो, पण... रागीट आहे."

ती आत गेली, धून थांबली. ती पोळ्या घेऊन आली, धून सुरू झाली. ज्ञानदाचे कान तापले. त्या दुपारी तिने मीठ, लोणचं, पाणी, चमचे असं एकेक करत उगाचच सात फेऱ्या मारल्या.

मग जयदीपचा नवा चष्मा सैल व्हायला लागला. आठवड्यातून एकदा तरी तो हवल्लीला दुकानात येऊन उभा राही. ती फ्रेम गरम करायची, दांडी वाकवायची, त्याच्या कानामागे बोट फिरवून बघायची.

"आता घट्ट वाटतोय?"

"हो... पण गुरुवारपर्यंत सैल होईल असं वाटतं."

"गुरुवारी मला सुट्टी असते."

"मग बुधवारी होईल."

प्रेम म्हणतात ते याहून काही निराळं असतं का, ते ज्ञानदाला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की तिचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि शुक्रवारीच संपतो. तो मात्र कधी एक शब्द पुढे टाकत नसे. आज बोलेल, उद्या बोलेल म्हणत ती वाट बघत राहिली. आपण आधी बोलावं असं मनात यायचं, पण तोंडाशी आलेलं मागे फिरायचं. मुलीने आधी का म्हणून बोलावं, असा तिचा एक हट्टही होता. तो तिला पुढे फार महागात पडला.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी पेलिकन्सच्या बॅटरने समोर आलेला चेंडू फटकावलाच नाही. बॅट आडवी धरून नुसता टेकवला आणि आउट होऊन परत गेला. बेसवर उभा असलेला दुसरा गडी तेवढ्यात पुढच्या बेसवर पोचला.

"हे काय? मुद्दाम आउट झाला?" ज्ञानदा चिडली.

"दुसऱ्याला पुढे पाठवण्यासाठी," उल्हासराव म्हणाले. "पण ते तो स्वतः ठरवत नाही. मॅनेजर बाहेरून खूण करतो. टोपीला हात, कोपराला हात. खूण आली की मारायचं नाही."

"आणि नाही पाळली खूण तर?"

"तर तो टीमचा नव्हे," जयदीप हळूच म्हणाला.

सप्टेंबरात उल्हासरावांनी जेवताना बातमी सांगितली. त्यांची आताची नोकरी ऑक्टोबरअखेर संपत होती. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करायचा, बावीस वर्षांचं घर आवरायचं आणि पुण्याला परत जायचं. मुलगी या देशात लहानाची मोठी झाली खरी, पण तिचा इकामा बापाच्याच नावावर, त्याचा संपला की तिचाही संपणार. "त्याआधी ज्ञानदाचं ठरलं म्हणजे मी सुटलो," ते म्हणाले. बहारीनच्या एका बँकेत अनुप नावाचा मुलगा होता. पेलिकन्सच्या शेवटच्या मॅचच्या दिवशी, शुक्रवारीच, तो बघायला येणार होता.

ज्ञानदाने जयदीपकडे पाहिलं. तो भात कालवत होता.

"जयदीप," उल्हासराव मऊ आवाजात म्हणाले, "सकाळी त्यांना विमानतळावरून तू घेऊन येशील ना? तू घरचा माणूस. दुसऱ्या कुणाला सांगू?"

जयदीपचा हात थांबला. त्याने उल्हासरावांकडे पाहिलं, तेही त्याच्याकडेच बघत होते. दोघांमध्ये क्षणभर काहीतरी झालं, पण ते काय हे ज्ञानदाला तेव्हा कळलं नाही.

"आणतो, काका," तो म्हणाला.

आणि त्याने आणलं! कंपनीची व्हॅन धुऊनपुसून, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्याची बॅग हातात घेऊन तो दारात उभा राहिला. ज्ञानदाला वाटलं, ती बॅग त्याच्या हातातून ओढून जिन्यावरून भिरकावून द्यावी.

अनुप खरंच चांगला मुलगा होता. ही तर आणखीच पंचाईत. तो अदबीने बोलला, पोह्यांना नावाजलं, बेसबॉलचे नियम विचारले. मॅच सुरू झाली. पेलिकन्स पहिल्या अर्ध्या तासातच पाच धावांनी मागे पडले. जेवणं आटोपेपर्यंत मॅच शेवटाकडे आली.

"अहो, आमचा जयदीप पेटी काय वाजवतो!" अंजूताई भोळेपणाने म्हणाली. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. "अरे, ज्ञानदा येताना ती धून वाजवतोस ना, ती ऐकव की पाहुण्यांना."

जयदीप उठला, पेटीपाशी बसला. त्याने दोन ओळी वाजवल्या. तिसरी चढत गेली, वर जाऊन घुटमळली आणि तिथेच थांबली.

"पुढचं विसरलो, काकू," तो म्हणाला. "व्हॅन परत करायची आहे. निघतो."

ज्ञानदा त्याच्या मागोमाग बाहेर गेली. कोण काय म्हणेल याचं भान तिला राहिलं नव्हतं. तो लिफ्टचं बटण दाबून उभा होता.

"का आणलंस त्याला?"

"काकांनी सांगितल्यानी." इतके दिवस सांभाळून बोललेली त्याची भाषा आता सुटली होती. "विमानतळावर जा म्हणाले, तेव्हाच माका कळला. ती खूण होती."

तेव्हा ज्ञानदाच्या लक्षात आलं, त्या दिवशी ताटावर दोघांचं ते एकमेकांकडे बघणं कशाचं होतं. बाबांना सगळं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी त्यालाच पाठवलं होतं.

"आणि तू बॅट आडवी धरलीस?"

"सव्वीस शुक्रवार त्यांच्या घरात जेवलंय. नाय म्हणूक तोंड खय आसा माका? माझ्या पगारात फॅमिली व्हिसा माका गावाचो नाय. चार गड्यांच्या खोलीत तुका खय ठेवू?"

"ते तू ठरवलंस, बाबांनी ठरवलं. मला विचारलंस?"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पण पुन्हा घातला नाही.

"तू माका आवडतंस, ज्ञानदा. पयल्या दिवसापासून. ती चवथी ओळ मी मुद्दाम चुकलंय... तू परत सांगशीत म्हणान. पण आता बोलान काय उपेग?"

लिफ्ट आली. ज्ञानदाने दार धरून ठेवलं. "आता आत चल. बाबांसमोर एवढंच बोल. बाकी मी बघते."

त्याने तिची बोटं एकेक करून दारावरून सोडवली, इतक्या हळुवारपणे की तिला ओरडताही आलं नाही. दार मिटलं.

ती वळली तर उल्हासराव दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"मुलगा लाख आहे गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पण साइटवर मी बायकोचा फोटो बघत जेवणारी माणसं पाहिली आहेत. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. तू तशी वाट बघत बसावीस, हे मला नको होतं."

"म्हणून त्याच्याच हातून मला पाठवत होतात?"

"दुसऱ्या कुणाचं तू ऐकलं नसतंस."

"त्याने तुमची खूण पाळली, बाबा. तो तुमच्या टीमचा होता. मी नाही."

ती आत गेली. टीव्हीवर पेलिकन्सची शेवटची खेळी चालू होती आणि सात धावांची पिछाडी होती.

"अनुप, माफ करा," ती सरळ म्हणाली. "तुमच्यात काही कमी नाही. पण माझा नकार आहे."

अनुपने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा उघड्या पेटीकडे, आणि समजून मान हलवली. अंजूताई मटकन खुर्चीत बसली.

ज्ञानदा पेटीपाशी गेली. तिला पेटी येत नव्हती. पण ती धून तिने इतक्यांदा ऐकली होती की बोटं आपोआप जागा शोधू लागली. दोन सूर चुकले. खिडकीतून खाली पांढरी व्हॅन दिसत होती. दुपारच्या भगभगीत उन्हात ती उभीच होती. त्याने अजून चावी फिरवली नव्हती.

तिने भाता जोराने ओढला. तिसरी ओळ चढत गेली, घुटमळली. चौथी तिने चाचपडत का होईना, पण खालपर्यंत आणली.

व्हॅन हलली. कोपऱ्यावर एकदा तिचे लाल दिवे लागले, विझले, आणि ती सुलैबियाच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली.

"ज्ञानदा, पुरे आता," उल्हासराव मागून म्हणाले. "मॅच संपली गं."

ती मागे वळली नाही. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"मी अजून आउट झाले नाहीये, बाबा," ती म्हणाली.