मान ठेव, मैना

रस्त्याच्या मधोमध एक तांबूस घोडी अडून उभी होती, म्हणून धम्मशीलाने स्कूटी थांबवली.

"हॉर्न नका वाजवू, मॅडम. गाड्यांची सवय लावून राह्यलो तिले."

लगाम धरलेला तरुण घोडीच्या मानेआडून हसत होता. वडनेरचा अश्वजित. लोकांचे घोडे शर्यतीसाठी तयार करायचा. ही मैना मात्र त्याची स्वतःची.

"मग ती शिकेपर्यंत मी इथंच उभी राहू?"

"राहा ना. मायी काय हरकत?"

धम्मशीला नांदुऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टर होती. शर्यतीला न्यायचं तर घोड्याचं रक्त तपासावं लागतं, म्हणून लवकरच ती त्याच्या तबेल्यात आली. सुई दिसताच मैना उधळली आणि धम्मशीला थेट शेणात बसली.

"काऊन हसून राह्यले?" तिने त्याच्याच बोलीत विचारलं.

"हसत नाही... थोडे दिवस द्या. शिकवतो तिले."

त्याने शिकवलं. 'ठेव' म्हटलं की मैना समोरच्याच्या खांद्यावर मान ठेवायची आणि सुई निघेपर्यंत हलायची नाही. धम्मशीलाने रक्त घेतलं. कानाशी घोडीचा ऊबदार श्वास, आणि लगामावरचा त्याचा हात तिच्या हाताच्या इतका जवळ...

"नुसतं उभं राहायला शिकवलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"मले जे जमत नाही, शीला, ते तिच्याकडून करून घेतलं."

'मॅडम' त्या दिवशी सुटलं.

मग हिसारच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. ग्लँडर्स. माणसालाही होणारा रोग, म्हणून अश्वजितचंही रक्त तपासलं गेलं. घोड्याला उपचार करता येत नाहीत. कायद्याने त्याला मारावंच लागतं.

"तुझ्या रक्तात काही नाही," तिने आधी तेवढंच सांगितलं.

"अन् तिच्या?"

तिने अहवालाचा कागद पुढे केला.

"चारा खाते, पळते. बिमार दिसते का तुले? पुन्हा पाठव ना."

"दोनदा पाठवलं, अश्वजित. दुसऱ्यांदा तर पहिला अहवाल चुकीचा ठरावा म्हणूनच पाठवलं."

सकाळी खड्डा खणला गेला. पांढरा प्लास्टिकचा पोशाख, मुखवटा, चष्मा घालून धम्मशीला पुढे गेली. मैनाने तिला ओळखलं नाही. कान मागे पाडून ती दोन पायांवर उभी राहिली. माणसं दोर घेऊन सरसावली.

"पाडू नका तिले," कुंपणापलीकडून अश्वजित म्हणाला. जवळ यायची त्याला परवानगी नव्हती. तो कुंपणाला येऊन भिडला. मग –

"ठेव, मैना... ठेव."

मैना शांत झाली. चार पावलं पुढे आली आणि त्या अनोळखी पांढऱ्या खांद्यावर तिने मान ठेवली. धम्मशीलाने सुई टोचली. खांद्यावरचा भार वाढत गेला, वाढत गेला... आणि एकदम सरकला.

खड्ड्यावर चुना पडला. लगामसुद्धा जाळावा लागला. मुखवटा उतरवून ती कुंपणापाशी आली.

"तुमचं काही चुकलं नाही, मॅडम," तो म्हणाला.

"मग शीला म्हण ना."

"म्हणून पाह्यलं मनात..." त्याचे रिकामे हात लगाम धरल्यासारखेच वळलेले होते. "तुमचं नाव घेतलं की मायाच आवाज मले ऐकू येते. ठेव म्हणणारा."

परतताना रस्ता मोकळा होता. तरी मैना पहिल्यांदा अडून उभी होती त्या जागी तिने गाडी बंद केली.