दहा रुपयांच्या डॉक्टरीणबाई

विस्कटलेल्या चपला दिसल्या की अश्वजितचे हात शिवशिवत. त्यात बोरगाव मेघे या गावातल्या डॉक्टर मेघाच्या दवाखान्यासमोर चाळीसेक चपला वाकड्यातिकड्या ओळीत पडलेल्या, अन् माणूस एक नाही! गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात नुकताच रुजू झालेला हा आरोग्य अधिकारी डॉक्टरांची ओळख करून घ्यायला आला होता. बिचाऱ्याने सगळ्या चपला जोड्या लावून भिंतीशी नीट मांडल्या.

झालं! समोरच्या टपरीवरून माणसं धावत आली. "अरे, त्या चपला म्हणजे नंबर होते ना आमचे! पहाटेपासून लावून ठेवले होते!"

गलका ऐकून मेघा बाहेर आली. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांत अर्धी झोप.

"कोणी केलं हे?"

"मी... मले वाटलं—"

"मग आता तुम्हीच उभे राहा दारात, अन् लावा यांचे नंबर!"

रागावली खरी, पण वळता वळता हसली. अश्वजित तिथेच कामातून गेला, बरं का!

दोन वाजेपर्यंत तो दारात उभा होता. ऐंशी पेशंट! निम्मे नुसते बीपी मोजायला, त्यातले काही तर आठवड्यात तिसऱ्यांदा. फी दहा रुपये. तिच्या वडिलांनी ठरवलेली, ते गेल्यावरही तीच.

"जेवता कधी तुम्ही?" त्याने विचारलं.

"जेवण? ते काय असते?" ती हसली, पण डोळे भरून आले. "नागपूरच्या हॉस्पिटलातून बोलावणं हाय. महिनाअखेर कळवायचं हाय. दवाखाना बंद करावासा वाटत नाई... पण थकली जी मी."

ओळख अवघ्या पाच तासांची, अन् हिला जाऊ द्यायचं नाही, असं अश्वजितच्या मनाने ठरवूनही टाकलं.

"फी पन्नास करा," तो म्हणाला. "बीपी-शुगरवाले माझ्याकडे पाठवा. उपकेंद्रात तपासणी फुकट, गोळ्या फुकट. बिघडलं तरच तुमच्याकडे पाठवीन."

"अन् पन्नास रुपयांपायी गरीब माणूस घरीच बसला तर?"

"तर मी त्याच्या घरी जाईन. रोज येऊन सांगीनही तुम्हाले."

"रोज?"

"म्हणजे... कामासाठी."

मेघाने मान खाली घातली. हसू लपवायला, दुसरं काय!

पन्नास रुपयांची नवी पाटी लागली. लोक आठवडाभर कुरकुरले, मग उपकेंद्राची वाट धरली. अश्वजित रोज संध्याकाळी यायचा, खिशात एक संत्रं घेऊन. ती सोलायची, अर्धं त्याला द्यायची. फोडी संपल्या तरी बोलणं संपायचं नाही. नागपूरचा विषय मात्र दोघंही काढत नव्हते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेघाच्या ध्यानात आलं, दर मंगळवारी येणाऱ्या शुगरवाल्या यशोदाबाई तीन आठवडे फिरकल्याच नाहीत, अन् अश्वजितच्या रोजच्या सांगण्यातही त्यांचं नाव आलेलं नाही. फी वाढवली अन् म्हातारी घरी बसली! डबा तसाच टाकून ती तणतणत उपकेंद्रावर गेली.

तिथे यशोदाबाई बाकावर पाय सोडून बसलेल्या, अन् अश्वजित त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढत होता.

"पाय दुखत होता माहा, म्हणून हा पोरगा घरी येऊन तपासे मले. आज मीच चालत आली," म्हातारी म्हणाली. "शुगर चांगली हाय. तुमाले सांगू नको म्हटलं मीच. नाईतर तुमी जेवण सोडून धावत आल्या असत्या!"

मेघाने वाकून यंत्रावरचा आकडा पाहिला, खरंच चांगला होता.

"अन् तपासते कमी, तुमचंच बोलते जास्त! डॉक्टरबाई अश्या, डॉक्टरबाई तश्या... माह्या शुगरचं राहू द्या, पहिले याच्या दुखण्याचं पाहा!" असं म्हणून म्हातारी हसत हसत निघूनही गेली.

अश्वजितचे कान लालबुंद.

मेघाने तिथेच मोबाइल काढून नागपूरला फोन लावला. "मी येऊन नाई राह्यली, सर. इथंच थांबते."

फोन ठेवला. अश्वजितला आनंद मावेना.

"मेघा... तुम्ही मले लई आवडता. पहिल्या दिवसापासून. पण बोललो असतो तर तुमच्या पायात बेडी घातल्यासारखं झालं असतं. म्हणून..."

"आता तर माझं ठरलं ना? मग बोला की." तिने स्टूल ओढलं अन् त्याच्यासमोर ऐसपैस बसली. "निवांत बोला. आज मले वेळ हाय. अन् शेवटी मी हो म्हणणार हाय, ते आधीच सांगून ठेवते."